कागदावर तीन

आसनवाडीत मोटर साडेसातची असो की दहाची, कागदावर ती तीनचीच असते. शेतीच्या विजेचं बिल मोटरीच्या एचपीवर येतं, त्यामुळं हा शहाणपणा गावात बापाकडून पोराकडं आपसूक उतरत आलेला. वायरमनलाही सगळं ठाऊक, तोही काही देवमाणूस नव्हे. ह्या शहाणपणात अख्ख्या गावात एकच जण नापास, तो म्हणजे लालासाहेब साबळ्यांचा धाकटा नाथाजी.

तसा तो आधीपासूनच नापास. थोरला जयराज फौजेत गेला, शिपायाचा हवालदार झाला आणि पेन्शन घेऊन मिशा पिळत परत आला. नाथाजी साताऱ्याला भरतीच्या मैदानावर उघडा उभा राहिला, तर टेप लावणाऱ्यानं पुन्हा पुन्हा श्वास भरायला लावूनही छाती भरेना. उलट तिथंच धाप लागली. लालासाहेब खिलार वळू बाळगणारा माणूस. गोठ्यात वासरू पडलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, खूर बघायचा आणि सांगून मोकळा व्हायचा, "ठेवा," नाहीतर "बाजार दावा." भरतीहून रिकाम्या हातानं आलेल्या पोराकडं त्यानं तसंच वरपासून खालपर्यंत बघितलं होतं.

लग्न झाल्यावर नाथाजीला वेगळं काढलं. ओढ्याकाठचं काळं रान जयराजला, माळ नाथाजीला. वाटणी तोंडी. सातबारा सगळा म्हाताऱ्याच्या नावावर. गावात बहुतेकांचं असंच असतं, बाप हयात असताना "माझं नाव लावा" म्हणायची कुणाची टाप नसते.

माळ म्हणजे मुरूम. पहिली काही वर्षं नाथाजी आणि त्याची बायको अंकिता ह्यांनी तिथं पिकवलं काहीच नाही, नुसते दगड वेचले. त्या दगडांचा रानाच्या उताराला कमरेएवढा ताल, म्हणजे दगडी बांध, घातला. पाझर तलाव आटला की तिथला गाळ आणून पसरायचा. नाथाजीला चार पाट्या झाल्या की धाप लागायची, मग तो तोंडात औषधाचा पंप मारून बसायचा आणि अंकिता त्याच्या वाट्याच्या पाट्या उचलायची. विहीर पाडली, तिला एका कोपऱ्यातून बोटाएवढा झरा लागला. पाणी होतं, पण ते वर येईना. मोटरींना वीज देणारी डीपी पार ओढ्याकाठी, लालासाहेबाच्या रानात. तिथल्या मोठमोठ्या मोटरी सुरू झाल्या की माळावर नाथाजीची पाचची मोटर नुसती घुमत बसायची. तो पाइपावर तळहात ठेवून वाट बघायचा. पाइप गार लागला की पाणी चढलं. बहुतेक वेळा तो गरमच असायचा.

आणि खाली ओढ्याकाठी पाण्याचा असा सुकाळ की ते काळं रान पाणी पिऊन पिऊन फुगलं होतं. जयराजचा सारखा ऊस आणि सारखं पाणी. आता कडेच्या पट्ट्यात पांढरं मीठ फुटून आलं होतं.

माघात वीजवाल्यांचं सर्वेक्षण आलं. नव्या योजनेत डीप्या नव्यानं मांडायच्या होत्या. सांगलीचा वरद नावाचा तरुण इंजिनिअर हातात टॅब घेऊन विहीर विहीर फिरत होता. माळावर तो आला तेव्हा दुपार कलली होती.

"मोटर केवढी?"

"पाच," नाथाजी म्हणाला. अंकितानं मागून त्याच्या दंडाला चिमटा काढला, पण शब्द गेला होता.

वरदनं मान वर केली. सकाळपासून त्यानं तीनशिवाय दुसरा आकडा ऐकला नव्हता. "पाच? नक्की?"

"पट्टीवरच हाय की. बगा."

संध्याकाळी बापानं बोलावून घेतलं. लालासाहेब गोठ्यात वळूला खरारा करत होता, जयराज खाटेवर बसलेला.

"तीन म्हणाया जिभंला काटा टोचला व्हय रं?"

"मोटर म्होरंच व्हती, आबा. कसं म्हणू?"

"आमच्या म्होरं न्हवत्या? पाचट टाकून झाकल्या न्हवं. दहाची झाकली, दोन साडेसातच्या झाकल्या." म्हाताऱ्यानं खरारा आपटला. "ह्याला ना छाती, ना डोस्कं."

जयराज हसला. आई रंगूबाईनं चहाचा कप आणून नाथाजीच्या हातात दिला आणि आत गेली. तो चहा नाथाजीला कडू लागला, पण त्यानं संपवला.

पुढच्या आठवड्यात वरदनं गावाला भैरोबाच्या देवळात बोलावलं. भिंतीला पांढरा कपडा लावून त्यावर गावच्या रानांचा नकाशा पाडला. म्हणाला, डीपी कुठं बसवायची हे आता साहेब ठरवणार नाही, पुढारी तर नाहीच नाही. कॉम्प्युटर ठरवणार.

"आन त्याला काय कळतंय आमच्या रानातलं?" कुणीतरी मागून विचारलं.

"त्याला कळत काहीच नाही," वरद म्हणाला. "तो आधी शंभर आराखडे आंधळेपणानं मांडतो. कुठंही डीपी, कुठंही खांब. मग एकेकाची परीक्षा घेतो. तारेत वीज किती वाया गेली, कडेच्या मोटरीला विजेचा दाब किती पोचला. वाईट आराखडे टाकून देतो. चांगले ठेवतो आणि त्यांच्या जोड्या लावतो. अर्धा ह्याचा, अर्धा त्याचा, असा नवा जन्माला येतो. त्यांची पुन्हा परीक्षा. अशा पिढ्यांवर पिढ्या काढत गेलं, की शेवटी उरतो तो सगळ्यात चांगला."

देवळात कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. लालासाहेब मात्र खांबाचा टेका सोडून पुढं सरकला. "म्हंजे पैदास," तो म्हणाला.

वरद हसला. "तसंच म्हणा, आबा."

"मग बरोबर हाय. खोडाचं टाकायचं, जातिवंत ठेवायचं. ह्यात वशिला न्हाई, भावकी न्हाई." म्हातारा उठून उभाच राहिला. आयुष्यभर त्यानं जे केलं तेच आता सरकारी यंत्र करतंय, ह्याचा त्याला कोण अभिमान. "मी म्हणतो, यंत्र दावंल ती जागा. मागनं कुणी कुरकुर करायची न्हाई. उचला बेलभंडारा."

पुजाऱ्यानं ताट आणलं. एकेकानं बेलाचं पान आणि भंडारा उचलून शब्द दिला. लालासाहेबानं पहिला उचलला. चांगलं तेवढं ठेवायचं म्हटल्यावर यंत्र आपल्यालाच ठेवणार, ह्यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. नाथाजीनंही उचलला, पण तो आपला सगळ्यांबरोबर.

शिमग्याच्या आधी निकाल आला. वरदनं ग्रामपंचायतीत नकाशा पसरला. लाल ठिपका माळावर होता, नाथाजीच्या बांधाला लागून. ओढ्याकाठची जुनी डीपी उचलायची आणि नवी थोरली डीपी माळावर बसवायची.

"हे उलटं लागलंय," लालासाहेब म्हणाला.

"उलटं नाही, आबा. ओढ्याकाठी तुमच्या तीन मोटरी, तिन्ही तीन-तीनच्या. तिथं जोर, म्हणजे विजेची मागणी, कमी. इकडं माळावर पाच, आणि त्याच्यावर टेकाडाच्या अंगाला सगळ्या नव्या मोटरी. मधोमध माळ पडतो. जसं तुम्ही सांगितलं तसं त्यानं बघितलं." वरद थांबला. तो काही दुधखुळा नव्हता. "आकडा खरा वेगळा असला तर सांगा. मी पुन्हा चालवतो. एका दिवसाचं काम."

ग्रामपंचायतीत सगळे लालासाहेबाकडं बघायला लागले. खरा आकडा सांगायचा म्हणजे इतक्या वर्षांची चोरी आपल्या तोंडानं कबूल करायची, आणि आपल्यामागं सगळ्या गावाचं पाचट उचललं जाणार.

"आकडा बरोबर हाय," तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

नाथाजी घरी आला तरी त्याला धड सांगता येईना. अंकिता वैरण कापत होती.

"आपल्या बांधावर," तो म्हणाला.

"काय?"

"डीपी."

तिनं विळा खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावून हसत बसली. मग ते हसणं कधी रडण्यात गेलं हे तिलाही कळलं नाही.

त्या भरवशावर त्यांनी आलं लावायचं ठरवलं. अक्षयतृतीयेच्या मुहूर्तावर गादीवाफ्यांवर बियाणं टेकवलं, ठिबकच्या नळ्या अंथरल्या. इकडं खांबांचं काम सुरू झालं. ठेकेदाराची माणसं कमी पडली, तर नाथाजी स्वतः खड्ड्यात उतरला. मुरमात पहार मारली की ठिणगी उडायची आणि हाताला झिणझिण्या यायच्या. दहा घाव झाले की पंप, पुन्हा दहा घाव. आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं अंकिता त्या माणसांना भाकरी-पिठलं वाढत होती.

एक दिवस लालासाहेब माळावर आला. वेगळं काढल्यापासून त्यानं इकडं पाय ठेवला नव्हता. डीपीच्या चौथऱ्याकडं त्यानं बघितलंही नाही. तो वाफ्यांच्या मधून चालत गेला, वाकला, मूठभर माती उचलली, दाबून बघितली, वास घेतला.

"जमीन केलीस रं," तो म्हणाला.

नाथाजीला भडभडून आलं. चाळिशीला टेकलेला बाप्या, पण जन्मात बापाच्या तोंडून पहिला बरा शब्द निघाला होता. मग तो पोरासारखा सगळं दाखवत सुटला. गाळ किती जाडीचा टाकला, कुठं खडक लागला, झरा कुठल्या कोपऱ्यात आहे, वैशाखात पाणी कुठवर उतरतं. म्हातारा खोदून खोदून विचारत होता. जाताना त्यानं तालाच्या दगडांवरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अंकिता दारातून बघत होती. तिला तो हात ओळखीचा वाटला, वासराच्या पाठीवरून फिरणारा, पण नवऱ्याचं उजळलेलं तोंड बघून ती आत वळली.

आल्याला कोंब फुटले त्याच सुमाराला डीपीला वीज सोडली. घरची सगळी आली होती. रंगूबाईनं नारळ फोडला. नाथाजीनं स्टार्टर दाबला आणि मोटर घुमली नाही, सरळ उचलली. पाइप हाताखाली गार पडला. ठिबकच्या नळ्या फुगल्या आणि एकेका कोंबाशी पाणी टपकायला लागलं. नाथाजी तिथंच मटकन खाली बसला. त्याला धाप लागली होती, पण ती सुखाची होती.

लालासाहेब तालावर टेकला. "नाथा, हिकडं ये. पाऊस पडायच्या आत तू ओढ्याकाठी जायचं. जयराज हितं येतोय."

नाथाजीला वाटलं, तिकडं काही काम निघालंय. "कशाला, आबा? काय काढलंय तितं?"

"काम न्हाई. रान बदलायचं."

मोटरीचा आवाज चालू होता. जयराज बूट चिखलात बुडू नयेत म्हणून वाफ्याच्या कडेनं पावलं टाकत होता, मोजणी करत असल्यासारखा.

"मामा, आमी दगडं येचलीत हितली," अंकिता पुढं आली. "माझ्या डोक्याचं केस गेलं पाट्या वाहून."

"येचली की. न्हाई कोण म्हणतंय?"

"त्या रानाला मीठ फुटलंय. आन आता तितं वीजबी पोचायची न्हाई."

म्हाताऱ्यानं तालातला एक सुटलेला दगड नीट बसवला.

"देवळात बेलभंडारा तुमी उचलाया लावलासा," तिचा आवाज चढला. "यंत्र दावंल ती जागा, म्हणालासा."

"मग? डीपी हलवतोय व्हय म्या?" लालासाहेब शांतपणे म्हणाला. "यंत्रानं दावली तितंच हाय ती. माणसं कुटं ठेवायची, ते यंत्राला कुणी इचारलंय?"

नाथाजीनं तोंडात पंप मारला. दोनदा मारला. "आबा, माझं काय चुकलं?"

"चुकलं न्हाई काय. रान त्वा केलंस, जयराजला ते जमलं नसतं. पर ते ठेवायचं कुणाकडं, हे म्या बगायचं."

"आन हे आलं?"

"ते ऱ्हाऊ दे," जयराज वाफ्यातून म्हणाला. "लावल्यालं आता हलवत न्हाईत. मी बगतो त्याचं."

नाथाजीनं आईकडं बघितलं. "आई?"

रंगूबाईच्या हातात खोबऱ्याचे तुकडे होते. ती जवळ आली, त्यातला एक तिनं त्याच्या तळहातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली.

घरी गेल्यावर अंकिता म्हणाली, तलाठ्याकडं जाऊ, वकील बघू, फौजदाराकडं जाऊ. नाथाजी भिंतीला टेकून बसला होता. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, एवढंच त्यानं विचारलं. पाऊस पडायच्या आत त्यांनी भांडी, शेळी आणि पत्रे खाली नेले.

जयराजनं खालच्या मोटरी वर नेल्या, नाथाजीची पाचची तर तिथंच होती, तीही ठेवून घेतली. जुनी दहाची तेवढी खाली सोडली, कारण आता टोकाला पोचणाऱ्या दाबावर तिला पाणी उचलवणार नाही हे त्याला ठाऊक होतं. ती घुमायची. नाथाजी सवयीनं पाइपावर हात ठेवायचा आणि काढून घ्यायचा.

श्रावणात आल्याला भर लावायची वेळ आली. जयराजला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यानं निरोप धाडला, "नाथाला म्हणावं येऊन जा, त्याला सवय हाय." अंकिता दारात आडवी उभी राहिली. नाथाजी तिच्या बाजूनं वाट काढून गेला आणि दिवसभर आपल्या हातानं लावलेल्या आल्याला माती चढवून आला. आल्याचा वास त्याच्या नखांना बरेच दिवस राहिला. दुपारी जयराजच्या बायकोनं त्याला भाकरी बांधावर आणून दिली, गड्यांना देतात तशी.

ओढ्याकाठी पीक उगवत नव्हतं, नुसता लव्हाळा. पण माणसाच्या हाताला एकदा लागलेली सवय जात नाही. दोघांनी रानात चर खणायला घेतले. चरातून खारं पाणी ओढ्याला निघून गेलं की जमिनीचं मीठ हळूहळू उतरतं. गुडघाभर खाऱ्या चिखलात उभं राहून अंकिताच्या टाचा फाटल्या, रात्री ती त्यात गोडं तेल भरायची. हिवाळा सरता सरता ओढ्याच्या अंगाचा एक पट्टा काळा दिसायला लागला. तिथं टाकलेला मूठभर गहू हिरवा उभा राहिला. अंकितानं त्याच्या कडेनं लव्हाळा तसाच ठेवला, वरून कुणाला दिसू नये म्हणून.

माघात वरद पुन्हा आला. योजनेचा दुसरा टप्पा होता. बांधावरून येणारा टॅबवाला लांबूनच ओळखू आला, तसं नाथाजीनं भराभरा पाचट ओढून मोटरीवर टाकलं.

"तुम्ही इथं?" वरदनं टॅबवर बघितलं, मग माळाकडं. "तुमचं रान तर वरचं."

"बदललं."

वरद काय समजायचं ते समजला. त्याचा चेहरा पडला. बराच वेळ तो टॅबवर बोट फिरवत राहिला. "इथं दाब फारच कमी आहे," तो म्हणाला. "ह्या खेपेला आणखी एक डीपी मंजूर आहे. खालच्या अंगाचा जोर नीट भरला, तर ती इथंच निघेल. नाथाजीराव, मोटर केवढी आहे? खरी सांगा. दंडाचं मी बघतो. तुमचं एवढं तरी मला करू द्या."

अंकितानं चरातून वर बघितलं. तिचं खोरं थांबलं होतं. ह्या खेपेला तिनं चिमटा काढला नाही.

नाथाजीनं काळ्या पट्ट्यातल्या गव्हाकडं बघितलं. मग वर माळाकडं. डीपीच्या खांबाशेजारी, तालावर, लालासाहेब उन्हाला छत्री उघडून बसला होता. वीज आली की पाणी येईल. पाणी आणि चर दोन्ही असले की दोन वर्षांत हे रान उठेल. आणि रान उठलं की आबा एक दिवस बांधावरून चालत येईल, वाकून मूठभर माती उचलेल आणि तिचा वास घेईल.

"तीन," नाथाजी म्हणाला.

वरदनं मान वर केली. "तीन? नक्की?"

"तीनच. ल्ह्या."

वरद लिहून घेऊन बांधाच्या वळणापलीकडं गेला. अंकिता चरातून वर आली, पाचटाची आणखी एक पेंढी उचलली आणि मोटरीचा जो कोपरा उघडा राहिला होता त्याच्यावर टाकली.